पायी पाहिलेली मुंबई

(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही वक्ता नाही. बँकेच्या खिडकीमागे बसून इतरांचे पैसे मोजणारा एक कारकून आहे. "परीक्षेसाठी प्रथमच मोठ्या शहरात जाणाऱ्या मुलांना दोन शब्द सांगा," अशी आज्ञा संस्थेच्या सचिवांनी केली, म्हणून उभा आहे. अभ्यास कसा करावा हे सांगणारे माझ्याहून योग्य लोक येथे बसले आहेत. शहरात चालावे कसे, एवढेच मी सांगणार आहे.

२००४ सालची गोष्ट आहे. बी. ए. होऊन दोन वर्षे झाली होती. बँकेच्या लेखी परीक्षेचे पत्र आले, केंद्र मुंबई. त्याआधी मी औरंगाबादच्या (आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या) पलीकडे गेलो नव्हतो. निघताना आईने भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. वडील बसथांब्यापर्यंत आले आणि हळूच म्हणाले, "वाट विचारायला लाजू नको. पण कुणी नाव विचारलं तर नुसतं नाव सांग, आडनाव सांगू नको."

या वाक्यामागे काय होते ते ज्येष्ठांना सांगायला नको. विद्यार्थ्यांसाठी सांगतो. वडिलांच्या लहानपणी आमच्या गावात वेशीतून आत शिरले की पायातली चप्पल हातात घ्यावी लागे. पाटलाची गल्ली संपली की पुन्हा पायात. पुढे चप्पल घालायला कोणी हरकत घेईना, तरी त्या गल्लीत आले की वडिलांची चाल बदलत असे. मान खाली आणि पाऊल झपाझप. मी ती चाल पाहतच मोठा झालो आणि नकळत उचललीही. गावात प्रत्येक रस्ता कोणाचा तरी असतो आणि त्यावर चालणारा कोणाचा कोण, हे पाहणाऱ्याला माहीत असते.

शनिवारी सकाळी देवगिरी एक्स्प्रेस छत्रपती शिवाजी टर्मिनसला पोहोचली. परीक्षा रविवारी होती. मुक्काम दादरच्या अलीकडे नायगावच्या बी. डी. डी. चाळीत, आतेभावाकडे. त्याने पत्रात लोकलचा मार्ग लिहून दिला होता, पण फलाटावरची ती गर्दी पाहून माझा धीर झाला नाही. खिशात पैसेही बेताचेच. स्टेशनाबाहेर एका पेपरवाल्याला विचारले, "नायगावला चालत जाता येईल का?" तो हसला आणि म्हणाला, "येईल की. सरळ रस्ता आहे. दोन-अडीच तास धरा."

लगेच उत्तरेला न वळता आधी दक्षिणेकडे गेलो. स्टेशनासमोरून दादाभाई नौरोजी मार्ग निघतो. त्यावरच्या जुन्या इमारतींच्या तळाशी कमानींचे लांबच लांब ओटे आहेत, त्यांच्या सावलीतून ऊन न लागता चालता येते. याच रस्त्यावर सिद्धार्थ महाविद्यालय आहे. १९४६ साली बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे सुरू केलेले हे महाविद्यालय माझ्या कल्पनेत एखाद्या टेकडीवर, झाडांच्या मध्ये होते. प्रत्यक्षात ते भर बाजारात, बँका आणि कचेऱ्यांच्या रांगेत निघाले. नोकरी करून शिकणाऱ्या मुलांसाठी सकाळचे वर्ग काढायचे तर जागा अशीच हवी, हे ती जागा पायी पाहिल्यावर कळले. पुढे हुतात्मा चौकापर्यंत जाऊन परत फिरलो.

मग उत्तरेचा रस्ता धरला. महात्मा फुले मंडई, जिला अजूनही बरेच जण क्रॉफर्ड मार्केट म्हणतात, तेथे फळांचे ढीग पाहत बराच वेळ घालवला. पुढे मोहम्मद अली रोड. वरून जे. जे. उड्डाणपूल जातो. तेव्हा तो जेमतेम दोन वर्षांचा होता. मोटारी वरून भरकन निघून जातात, त्यांना खालचे काहीच दिसत नाही. खाली अत्तराची दुकाने, कढया, हातगाड्या, आणि पायी चालणाऱ्यांसाठी म्हणाल तर हातभर जागा. पदपथ दुकानदारांचा, रस्ता गाड्यांचा, आणि आपण त्या दोहोंच्या मधल्या कडेने चालायचे, हा मुंबईचा नियम तेथे शिकलो. तो आजही फारसा बदललेला नाही. महानगरपालिकेने एखादा उड्डाणपूल कमी बांधून पदपथ मोकळे केले असते तर, असे माझ्यासारख्याला वाटते, पण आमचे कोण ऐकतो!

भायखळ्याला पाय दुखू लागले म्हणून जिजामाता उद्यानात बसलो. वस्तुसंग्रहालयाच्या दुरुस्तीचे काम चालू होते, पण आवारातला दगडी हत्ती पाहिला. घारापुरीला एलिफंटा हे नाव ज्याच्यामुळे पडले तो हाच. १८६४ साली इंग्रजांनी तो हलवायला घेतला तेव्हा त्याचे तुकडे झाले, ते पुढे सांधून येथे उभा केला. त्याच्या सावलीत मी आईची भाकरी सोडली. शेजारच्या गृहस्थाने, "चटणी घरची दिसते," म्हणून चौकशी केली. मी थोडी दिली, त्यांनी घेतली आणि खाल्ली. नाव-गाव काही विचारले नाही. त्यांना ती साधी गोष्ट वाटली असेल. माझा घास मात्र काही क्षण हातातच राहिला.

उद्यानाबाहेर येऊन पाटी वाचली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग. हा रस्ता भायखळ्याहून लालबाग, परळ, दादर असा दूर उत्तरेपर्यंत जातो. त्याच्यावरून चालताना लक्षात आले की माझी चाल सावकाश झाली आहे आणि मी दुकानांच्या पाट्या, बसवरचे मराठी आकडे मान वर करून वाचतो आहे. सकाळपासून मोजून अकरा जणांना वाट विचारली होती. पानवाला, हवालदार, शाळेतली मुले, एक बुरखा घेतलेल्या बाई. एकानेही आडनाव विचारले नाही.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या राज्यघटनेचा पंधरावा अनुच्छेद तुम्ही परीक्षेसाठी पाठ करता. त्याच्या दुसऱ्या खंडात विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्याबरोबर 'रस्ते' हाही शब्द आहे. घटनेत रस्त्याचा उल्लेख कशाला, असा प्रश्न मला वर्गात पडला होता. वडिलांच्या चपलेशी त्याची सांगड त्या दुपारी लागली. मार्च १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी घेण्यासाठी हजारो माणसे सभास्थानापासून गावातून चालत गेली, ते चालणेही तितकेच महत्त्वाचे होते.

परंतु शहर म्हणजे मुक्ती, असे म्हणून मी टाळ्या घेणार नाही. याच रस्त्यावर लालबाग-परळला गिरण्यांची धुराडी उभी होती. १९८२ च्या संपानंतर बहुतेकांचा धूर थांबलेला. या गिरण्यांत आपल्या लोकांना सूत काढण्याच्या खात्यात काम मिळे, पण जास्त पगाराच्या विणकाम खात्यात घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि उष्ट्याचा विटाळ होई. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. म्हणजे रस्ता मोकळा, पण खात्याचे दार बंद.

आणि तो काळ गेला म्हणावे, तर नोकरी लागल्यावर २००६ साली मी उपनगरात भाड्याची खोली शोधत होतो. घरमालकांनी चहा दिला, भाडे ठरले, मग नाव लिहून घेताना आडनाव विचारले. दुसऱ्या दिवशी निरोप आला, खोली पुतण्याला द्यायची ठरली आहे. तेव्हा वडिलांचा सल्ला आठवला. पण आडनाव लपवून खोली घ्यावी, असे मला तेव्हाही वाटले नाही. तीन महिने आतेभावाच्या दहा बाय बाराच्या खोलीत सातवा माणूस म्हणून राहिलो.

आणखी एक. माझी धाकटी बहीण पुढे मुंबईला आली, तिला मी हीच वाट दाखवली. ती म्हणाली, "दादा, तू कुठेही थांबून बघत उभा राहू शकतोस. मी थांबले की लोक माझ्याकडे बघतात." याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. येथील मुलींनी दोघी-तिघींनी मिळून जावे, सकाळी जावे, एवढेच व्यवहाराचे सांगतो. मात्र जावे जरूर.

संध्याकाळी दादर टी. टी. गाठले. मुंबईची ट्राम १९६४ साली बंद झाली, पण ट्राम टर्मिनसची ही दोन अक्षरे लोकांच्या तोंडात अजून आहेत. जवळच हिंदू कॉलनीत राजगृह. ज्या घरात बाबासाहेबांनी हजारो ग्रंथ जमवले त्याच्या समोरच्या पदपथावर मी पिशवी घेऊन बराच वेळ उभा होतो. कॉलनीतले लोक भाजी घेऊन घरी जात होते. येथे का उभा आहेस, असे कोणी विचारले नाही. मग मागे फिरून नायगावला गेलो. पायाला दोन फोड आले होते.

गावी परतल्यावर वडिलांनी पेपर कसा गेला हे नंतर विचारले. आधी विचारले, "किती जणांनी आडनाव विचारलं?" मी म्हटले, "कोणीच नाही." ते म्हणाले, "आणि चालला किती?" मी सांगितले, दहा-बारा किलोमीटर. "चप्पल घालूनच ना?" म्हणाले आणि बैलांना पाणी पाजायला उठून गेले.

आता वेळ संपत आला आहे. तुमच्या मोबाईलमध्ये नकाशा आहे, तो वापरा. पण दिवसातून निदान पाच वेळा तो खिशात ठेवून माणसाला वाट विचारा. नवे बूट घालून जाऊ नका. पाण्याची बाटली जवळ ठेवा. परीक्षा केंद्र आदल्या दिवशी पायी जाऊन पाहून या. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून दादरपर्यंतच्या रस्त्याचा नकाशा मी हाताने काढून आणला आहे, त्यावर पाणी कोठे मिळते आणि सार्वजनिक शौचालये कोठे आहेत तेही लिहिले आहे. ज्यांना परीक्षेचे पत्र आले असेल त्यांनी मेळावा संपल्यावर तो घेऊन झेरॉक्स काढावी आणि मूळ प्रत सचिवांकडे परत द्यावी.