दिवाळे आणि राहते घर



एखादा व्यापारी बुडाला की त्याचे दिवाळे वाजले असे आपण म्हणतो. कायद्यातही हे वाजणे आहेच. १९०८ च्या दिवाणी संहितेप्रमाणे घरावर जप्ती आली म्हणजे घराजवळ दवंडी पिटायची आणि हुकमाची नक्कल घरावर डकवायची. आमच्या पेठांतील माणसाला कर्जापेक्षा या दवंडीचे भय अधिक, आणि त्या भयापोटीच तो घर घालवून बसतो, असे आम्हांला वाटते.

वऱ्हाडात पैसा आला तो कापसाबरोबर. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीत भाव चढला, युद्ध संपताच उतरला; १९२९ नंतरच्या मंदीत पुन्हा तेच. तेव्हा मध्यप्रांत सरकारने १९३३ साली कर्ज-समझोत्याचा कायदा केला, तो शेतकऱ्याला डोळ्यांपुढे ठेवून. शेतकऱ्याचे राहते घर पैशाच्या साध्या हुकूमनाम्यात जप्त होत नाही. १९७६ च्या दुरुस्तीने मजुराला व घरगड्यालाही हे कवच मिळाले. दुकानदाराला ते नाही. हा भेद आम्हांला कधीच पटला नाही.

मग नादारीचा अर्ज करावा काय? १९२० चा प्रांतिक नादारी कायदा आपल्या जिल्ह्यांसाठीच आहे. देणे फेडण्याची ताकद नसेल आणि ते पाचशे रुपयांवर गेले असेल, तर ऋणकोला स्वतः कोर्टात जाता येते. पुढे मुक्ततेचा हुकूम झाला की बहुतेक जुन्या देण्यांतून सुटका होते. पण तत्पूर्वी मालमत्ता कोर्टाच्या किंवा रिसीव्हरच्या ताब्यात जाते, आणि दुकानदाराचे घर त्यातच धरले जाते. अर्जाआधीच्या दोन वर्षांत ते बायकोच्या नावे फुकट करून दिले असेल, तर तो व्यवहारही रद्द होऊ शकतो. ही युक्ती सांगणारे ओट्याओट्यावर भेटतात. त्यांना नमस्कार करून पुढे चालावे! २०१६ च्या संहितेत बोजा नसलेले एक राहते घर ठराविक किमतीपर्यंत वगळले आहे खरे; पण २०१९ साली तो भाग अमलात आला तो कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरताच.

खऱ्या वाटा त्या जुन्या संहितेतच आहेत. खाजगी विक्री करून रक्कम उभी राहील असे कोर्टाला पटवले, तर लिलाव पुढे ढकलता येतो. वाड्याचा एक भाग विकून देणे फिटत असेल, तर सगळा वाडा विकू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये बजावले आहे. लिलाव झाल्यावरही साठ दिवसांत जाहीरनाम्यातील देणे आणि बोलीच्या रकमेवर शेकडा पाच भरले, तर तो रद्द होतो. बँकेकडे घर गहाण असेल तर गोष्ट निराळी. २००२ च्या कायद्याने बँक साठ दिवसांची नोटीस देऊन, दावा न लावताही घर विकू शकते. तेथे विक्रीची नोटीस प्रसिद्ध होण्यापूर्वीच पैसे भरावे लागतात.

अकोल्यास आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी कोर्टाचा कागद देव्हाऱ्याखाली ठेवला होता. वाडा गेला. अमरावतीच्या थोरल्या भावाला हे कळले तेव्हा ते साठ दिवस उलटून गेले होते. "अरे, मागचा सोपा मीच घेतला असता," एवढेच दादा म्हणाले.