बंदूक, परवाना आणि पोलीस



आमच्या माणगाव तालुक्यात बंदूक म्हटली की दरोडेखोर आठवत नाही. रानडुकरांनी रात्रीत उकरलेले भाताचे शेत आठवते. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानेही हे ओळखले आहे. पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, असे त्याचे १३ वे कलम सांगते. डुक्कर मारायला वनखात्याची परवानगी लागते. पण पुष्कळदा नुसता बारही पुरतो.

परवाना म्हणजे बंदूक मिरवण्याची मुभा मात्र नव्हे. २०१६ च्या नियमांप्रमाणे चारचौघांत ती झाकूनच न्यावी लागते. पोलिसाने परवाना मागितला तर दाखवलाच पाहिजे. १९ वे कलम त्याला तो अधिकार देते. तेथे हुज्जत घालण्यात पुरुषार्थ नाही.

खरा तंटा निवडणुकीत होतो. २०१९ साली विधानसभेचे मतदान २१ ऑक्टोबरला झाले. त्या दिवसांत कोकणात भात कापणीला आलेले असते, आणि नेमकी तेव्हाच बंदूक ठाण्यात जमा करायची! निवडणूक आयोग तर सांगतो की, जामिनावर सुटलेले, पूर्वीचे गुन्हेगार, दंगलीत सापडलेले, अशांचे परवाने प्रथम तपासावेत. मग निष्कलंक शेतकऱ्याने कारण विचारले, तर तो उद्धटपणा कसा?

आम्ही बंदूक झाकून नेऊ, परवाना दाखवू. पोलिसांनी हुकूम लेखी द्यावा, जमा केलेल्या बंदुकीची पावती द्यावी आणि मतदान आटोपताच ती विनाविलंब परत करावी. आमचे मागणे एवढेच आहे.