खिशांतील मोबाईल आणि घरांतील रोगी
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या आरोग्यसभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या या आनंदाच्या दिवसांत रोगाचा विषय काढणें कांहींना अप्रशस्त वाटेल. परंतु जो समाज आपल्या वाढत्या वयाचा सोहळा करितो, त्यानें आपल्या वृद्धांची व रोग्यांची विचारपूसहि केली पाहिजे, असें मला वाटतें. म्हणून संयोजकांची आज्ञा मीं आनंदानें मान्य केली.

कांहीं रोग पाहुण्यासारखे येतात आणि जातात. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार हे मात्र एकदां घरांत शिरले कीं बिऱ्हाड करून राहतात. अशा रोगांत डॉक्टरांच्या कौशल्याइतकाच रोग्याचा रोजचा नेम महत्त्वाचा. डॉक्टरांची भेट महिन्यांतून पांच-दहा मिनिटें. बाकीचे दिवस रोगी आणि त्याची गोळी! नेम मोडतो तो येथेंच. बरें वाटूं लागलें कीं गोळी बंद होते. रक्तदाब तर वाढला तरी बहुधा जाणवत नाहीं. म्हणून तो अधिकच फसवा.

माझ्याच घरची गोष्ट सांगतों. माझे थोरले काका मधुमेही. त्यांच्या गोळ्या संपल्या. दवाखान्यांत नेण्यास सोबत कोणी नव्हतें, आणि कोणास त्रास नको म्हणून ते बोलले नाहींत. असे तीन महिने गेले. पायाची जखम चिघळली, तेव्हां आम्हांस कळलें. शेवटीं एक बोट कापावें लागलें. त्या तीन महिन्यांत मीं माझ्या मोबाईलवरून रोज सकाळीं फुलांचीं चित्रें कितीतरी लोकांस धाडलीं. पण ‘काका, कसे आहांत?’ एवढें मात्र विचारलें नाहीं. हा दोष यंत्राचा नव्हे, माझा होय.

एवढासा प्रश्न काय करूं शकतो, याचें उदाहरण आफ्रिकेंतील केनिया देशांत सांपडतें. तेथें डॉक्टर रिचर्ड लेस्टर व त्यांचे सहकारी यांनीं एच.आय.व्ही.चीं औषधें नव्यानें घेऊं लागलेल्या ५३८ रोग्यांचे दोन गट केले. एका गटास दर आठवड्यास दवाखान्यांतून मोबाईलवर एकच स्वाहिली शब्द जाई : ‘मांबो?’ म्हणजे ‘कसें काय?’ रोग्यानें ४८ तासांच्या आंत ‘सावा’, म्हणजे ‘ठीक’, किंवा ‘शिदा’, म्हणजे ‘अडचण आहे’, असें कळवावयाचें. अडचण सांगणाऱ्यास व मौन धरणाऱ्यास दवाखान्यांतून फोन येई. २०१० सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रोग्यांच्याच सांगण्याप्रमाणें नेमानें औषध घेणारे या गटांत शेंकडा ६२ निघाले. दुसऱ्या गटांत ५०. रक्तांतील विषाणु दबल्याचें आढळलें तें शेंकडा ५७ व ४८ जणांत.

यांत दोन गोष्टी लक्षांत घेण्यासारख्या आहेत. पहिली, निरोपांत रोगाचें किंवा औषधाचें नांवहि नव्हतें. दुसऱ्या कोणीं तो वाचला तरी रोग्याचें गुपित राही. दुसरी, प्रश्नामागें उत्तर ऐकणारें माणूस होतें. केनियांतच झालेल्या आणखी एका प्रयोगांत, ज्याचा वृत्तांत २०११ सालीं आला, आठवड्यास एकदां जाणाऱ्या स्मरणपत्रिकांचा उपयोग झाला, पण रोजच्या निरोपांचा झाला नाहीं. अति झालें कीं कान बधिर होतात, हें आपणांसहि ठाऊक आहे.

आपल्या देशांतहि असें कार्य झालें आहे. चेन्नईचे डॉक्टर ए. रामचंद्रन व त्यांचे सहकारी यांनीं मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३७ पुरुषांपैकीं एका गटास आहार-व्यायामाविषयीं मोबाईलवर निरोप पाठविले. दोन वर्षांत त्या गटांतील शेंकडा १८ जणांस मधुमेह झाला. निरोप न मिळालेल्या गटांत शेंकडा २७ जणांस. हा वृत्तांत २०१३ सालचा आहे.

मोबाईल म्हणजे डॉक्टर नव्हे, हेंहि विसरूं नये. छातींत कळ आली तर निरोप लिहीत बसूं नये. तत्काळ इस्पितळ गांठावें. फिरत आलेला कोणाचा तरी निरोप वाचून गोळी सोडूं नये अथवा बदलूं नये.

माझी विनंति लहान आहे. आपल्यांतील प्रत्येक तरुणानें एकेक वृद्ध रोगी आपला मानावा. दर रविवारीं मिस्सा झाल्यावर त्यांस फोन करून तीन प्रश्न विचारावे : कसे आहांत? गोळ्या किती दिवसांच्या उरल्या? पुढची तपासणी केव्हां? ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांच्याशीं बोलावें. लिहून पाठवूं नये. कोणाच्या रोगाची वार्ता धर्मग्रामाच्या ग्रुपवर टाकूं नये. आणि फोन उचलला गेला नाहीं, तर स्वतः दारापर्यंत जावें.

मीं पहिल्या रविवारीं काकांस फोन केला, तेव्हां ते म्हणाले, “काय रे, आज काय काम काढलेंस?” काम असल्याशिवाय पुतण्या फोन करीत नाहीं, हें त्यांनीं धरूनच ठेविलें होतें. आतां रविवारीं मला उशीर झाला, तर तेच मला फोन करितात, आणि मीं न विचारतां उरलेल्या गोळ्या मोजून सांगतात.