डोक्याला बॉल लागला, आता गोळी कोणती?

(रौप्यमहोत्सवी वर्षातील आरोग्य व्याख्यान, क्लब हाऊस)

सेक्रेटरींनी मला विषय दिला ‘खेळाडू आणि व्हिटॅमिन्स’. पण मी बोलणार आहे ते लिफ्टमध्ये मला विचारल्या जाणाऱ्या प्रश्नावर. "डॉक्टर, मुलाच्या डोक्याला बॉल लागला, सीटी स्कॅन नॉर्मल आहे. लवकर बरा व्हायला ओमेगा-3 सुरू करू की बी-कॉम्प्लेक्स?"

आधी स्कॅनचं बघू. कन्कशन म्हणजे मेंदूला बसलेला हादरा. त्यात बिघडतं ते पेशींचं काम. सीटीत दिसतो रक्तस्राव किंवा फ्रॅक्चर, आणि ते नसेल तर सीटी नॉर्मलच येणार. त्याचा अर्थ ‘उद्या मॅच खेळ’ असा होत नाही. 2019 ची लॉर्ड्सची कसोटी आठवते? जोफ्रा आर्चरचा बाउन्सर स्टीव्ह स्मिथच्या मानेवर बसला. तपासणीनंतर तो परत येऊन 92 पर्यंत खेळला. त्रास जाणवला दुसऱ्या दिवशी! मग त्याच्या जागी लाबुशेन आला, कसोटीतला पहिला कन्कशन सबस्टिट्यूट. पुढची कसोटी स्मिथ खेळलाच नाही.

आता गोळ्या. ‘कन्कशन लवकर बरं करतो’ असा दावा करणाऱ्या सप्लिमेंट्सविरुद्ध अमेरिकेच्या एफडीएने 2013 मध्ये लोकांना सावध केलं. त्यांतल्या बऱ्याच डब्यांत काय होतं? माशाचं तेल आणि हळद. हळद तर आपल्या मिसळणाच्या डब्यातच आहे! हळदीचं दूध जरूर द्या, आजीचं मन कशाला मोडायचं. पण ते प्यायलं म्हणून मैदानावर जायची परवानगी मिळत नाही. एफडीएची खरी काळजी हीच होती, की डब्याच्या भरवशावर मुलगा लवकर मैदानात उतरेल. आधीचा हादरा भरून आला नसताना दुसरा मार बसला, तर क्वचित मेंदूला जीवघेणी सूज येते.

बी-12 किंवा डी कमी असेल तर भरून काढाच, कन्कशन असो वा नसो. शाकाहारी घरांत बी-12 पुष्कळदा कमी सापडतं. पण डीचे सॅशे मनाने महिनोन्‌महिने घेऊ नका. रक्तात कॅल्शियम वाढून मळमळ, उलट्या होतात. मग ही उलटी डोक्याच्या माराची की सॅशेची, हे आम्ही कसं ओळखायचं?

उपाय तसा बिनखर्चाचा आहे, म्हणूनच कुणाला पटत नाही. मार लागला त्या दिवशी खेळ बंद. पहिले एक-दोन दिवस आराम, मोबाईल कमीत कमी. अंधाऱ्या खोलीत कोंडून ठेवायची गरज नाही. मग हलकं चालणं, आणि पुढे पायरी-पायरीने सराव. प्रत्येक पायरीला निदान 24 तास. शाळा आधी, खेळ नंतर. मुलांना चार आठवडेही लागू शकतात.

रविवारच्या बॉक्स क्रिकेटवाल्यांनो, मार लागलेल्याला ‘खेळशील ना?’ असं विचारू नका, तो हो म्हणणारच. त्याला बाहेर बसवा. वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, असंबद्ध बोलणं, हातापायात कमजोरी किंवा जागं करूनही जाग न येणं, यांतलं एकही दिसलं तर मला फोन करण्यात वेळ घालवू नका, थेट कॅज्युअल्टी गाठा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.