ऐकणाऱ्यालाही काम द्या



लातूर पॅटर्न म्हटलं की लोकांना गुणवत्ता यादी आठवते. राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांच्या नावांशी जोडल्या गेलेल्या या पद्धतीचं बळ मात्र सरावात होतं. पेपर सोडवायचा, तो तपासून घ्यायचा, चूक समजून घ्यायची आणि पुन्हा लिहायला बसायचं. हा शिरस्ता आपण लेखी परीक्षेपुरता ठेवला. मूल वर्गासमोर बोलायला उभं राहतं तेव्हा तो आपण पाळत नाही.

आपल्या महाविद्यालयांत सेमिनार होतात. एक मुलगी पीपीटी वाचून दाखवते, वर्ग टाळ्या वाजवतो, सर गुण मांडतात आणि पुढचा नंबर पुकारला जातो. समोर बसलेल्या मुलांना त्या वेळात काहीच काम नसतं.

माझा आग्रह आहे की त्यांना काम द्यावं. बोलणं संपलं की प्रत्येकाने चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहाव्यात: मला काय समजलं, कुठे समजेनासं झालं आणि पुढच्या वेळी कोणती एक गोष्ट बदलावी. शिक्षकांनी सगळ्यांत शेवटी बोलावं. ते आधी बोलले, तर पोरं त्यांचंच मत उतरवून काढतात.

चिठ्ठीवर गुण मात्र नकोत. वर्गात दोस्ती असते, रुसवेही असतात. मग मुलांना पारख नसते का? असते. फाल्चिकोव्ह आणि गोल्डफिंच या संशोधकांनी २००० साली विद्यार्थ्यांनी एकमेकांना गुण देण्याविषयीच्या ४८ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. निकष नीट समजलेले असतील आणि कामाचा एकूण विचार केलेला असेल, तर विद्यार्थ्यांनी दिलेले गुण शिक्षकांच्या गुणांच्या बरेच जवळ जातात, असं त्यांना दिसलं. म्हणून पहिल्या तासाला निकष वर्गानेच बसून ठरवावेत.

त्यात एक नियम आपल्या भागासाठी फार महत्त्वाचा आहे. आपल्या वर्गात बिलोलीकडची तेलुगू बोलणारी, उदगीरकडची कन्नड बोलणारी, तांड्यावरची गोरमाटी बोलणारी मुलं असतात. त्यांच्या उच्चारांवर, कपड्यांवर, गावावर एक शब्दही येता कामा नये. एकदा हसं झालेली मुलगी पुन्हा उभी राहत नाही. नांदेडच्या पीपल्स महाविद्यालयाचे प्राचार्य नरहर कुरुंदकर ज्यांचा आदर करत, त्यांच्याही विचारांची परखड चिकित्सा करत. चिकित्सा मुद्द्याची असते, माणसाची नसते, हे पोरांनी वर्गातच शिकावं.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाळेच्या प्रगतिपुस्तकात शिक्षकांच्या मूल्यमापनाबरोबर स्वतःचं आणि सहाध्यायांचं मूल्यमापनही मागितलं आहे. ती रकान्यांची भरती होऊ नये, असं वाटत असेल, तर बोलणाऱ्याला दुसरी संधी दिली पाहिजे. चिठ्ठ्या हातात आल्या आणि पुन्हा बोलायलाच मिळालं नाही, तर त्या अभिप्रायाचं करायचं काय?

शिक्षक विचारतील, साठ मुलांना दोनदा बोलायला वेळ कुठून आणायचा? सहा-सहांचे गट करा. सगळे गट एकाच वेळी चालू द्या. वीस मिनिटांऐवजी पाच मिनिटंच बोलू द्या, पण दोनदा बोलू द्या. वर्गात गलबला होईल, तो होऊ द्या. सोबत्याचं बोलणं कुठे अडलं हे ज्याला नेमकं सांगता येतं, त्याला स्वतःचं बोलणंही सुधारता येतं. येत्या सत्रात निदान एका विषयात एवढं करून पाहा, ही माझी विनंती आहे.