हयातीचा दाखला



पेन्शनवर बोलणार म्हटल्यावर काहींना वाटलं असेल, हा विषय म्हाताऱ्यांचा. पण मी एम.ए. झाले ती आजीच्या पेन्शनवर. आजोबा रेल्वेत गँगमन होते. ते गेल्यावर आजीला कुटुंब निवृत्तीवेतन सुरू झालं. दर नोव्हेंबरला ती धुतलेलं लुगडं नेसून बँकेत हयातीचा दाखला द्यायला जायची. गुंठाभर जमीन नसलेल्या आमच्या घरात तिचं पासबुक हाच सातबारा. माझी फी भरायची वेळ आली की वडीलही तिच्याकडेच बघायचे. घरात तिचा शब्द चालायचा, त्यात या पासबुकाचा वाटा मोठा होता.

जुन्या पेन्शनमध्ये शेवटच्या पगाराच्या निम्मी रक्कम, वर महागाई भत्ता, मागे विधवेला आधार. त्यासाठी पगारातून कपात नव्हती. १ जानेवारी २००४ पासून सैन्यदलं वगळता केंद्राच्या नव्या भरतीला ती बंद झाली, महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून. तिच्या जागी आलेल्या योजनेत पगारातले १० टक्के कापून गुंतवायचे, सरकारही हिस्सा घालायचं, पण शेवटी किती हाती येईल ते बाजार ठरवणार होता. तारखा बघा. ओबीसींना केंद्राच्या नोकऱ्यांत आरक्षण प्रत्यक्ष लागू झालं १९९३ मध्ये. मध्ये जेमतेम दहा वर्षं. हे ठरवून केलं असं मी म्हणत नाही. सरकारी खर्चाचा प्रश्न खराच होता. पण आपण पंगतीला पोचेपर्यंत ताट बदललं होतं.

मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रात जुन्या पेन्शनसाठी संप झाला. मी त्याच्या बाजूने होते, आजही आहे. मात्र जुनी पेन्शन परत आली तरी माझ्या वडिलांना त्यातलं काहीच मिळणार नव्हतं. ते कंत्राटी सफाई कामगार. रस्ता तोच, झाडू तोच. ठेकेदार बदलला की पीएफचा नंबर नवा. ईपीएसची मासिक पेन्शन मिळायला १० वर्षांची नोंद लागते, आणि किमान पेन्शन २०१४ पासून १,००० रुपयेच. गेल्या वर्षी मी त्यांचे कागद घेऊन बसले. काम २२ वर्षांचं, नोंद सापडली ७ वर्षांची. एका ठेकेदाराने पैसे कापले, भरलेच नाहीत.

जेवणाच्या सुट्टीत मी इथेच आहे. घरच्यांचा यूएएन, जुन्या पगाराच्या पावत्या, जे असेल ते घेऊन या. जुनी खाती कशी जोडायची ते बसून बघू.