काजी आणि अल्काल्दे

माझी धाकटी मुलगी सध्या स्पॅनिश शिकते आहे. एका संध्याकाळी ती शब्द पाठ करत होती, "अल्काल्दे म्हणजे महापौर." शब्द कानाला ओळखीचा वाटला. कोश उघडला, तर हा आपला काजीच निघाला!

अरबीत 'अल् कादी' म्हणजे न्यायाधीश. सन ७११ मध्ये अरब आणि बर्बर फौजा स्पेनमध्ये उतरल्या. १४९२ मध्ये ग्रानादा पडलं आणि त्यांचं राज्य संपलं, पण शब्द मागे राहिले. 'अल्' हे अरबी उपपदही स्पॅनिशने शब्दातच मुरवून टाकलं. आपल्याकडे तो फारसीच्या वाटेनं आला आणि काजी झाला.

जुना अल्काल्दे न्यायनिवाडा करी, गावाचा कारभारही पाही. पुढे न्याय दुसऱ्यांकडे गेला, कारभार उरला. आपल्या काजीकडे मुख्यतः निकाह उरला. एका घरातले दोन भाऊ. एकाला नगरपालिका मिळाली, दुसऱ्याला निकाहनामा.

"आणि बाई असेल तर, अब्बा?" मुलीनं विचारलं. तर 'अल्काल्देसा'. कोशात तिचे दोन अर्थ दिले आहेत: महापौर असलेली स्त्री आणि महापौराची बायको. मला आपली पाटलीणबाई आठवली. मान तिला गावभर, पण पाटीलकी नवऱ्याची.

२०१५ मध्ये मानुएला कार्मेना माद्रिदच्या अल्काल्देसा झाल्या, २०१९ पर्यंत राहिल्या. त्याआधी त्या न्यायाधीश होत्या. म्हणजे शब्दाचा जुना अर्थ आणि नवा अर्थ, दोन्ही एका बाईनं स्वतःच्या कामावर मिळवले.

आपला 'सरपंच' शब्द स्त्री-पुरुष दोघांना सारखाच. महाराष्ट्रात २०११ मध्ये पंचायतींत स्त्रियांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा कायदा झाला. तरी काही गावांत सही बाईंची आणि शब्द नवऱ्याचा चालतो. त्याच्यासाठी आपण 'सरपंचपती' हा नवा शब्दही घडवला! तिकडे बायकोला लावायचा शब्द बाईनं पदासाठी मिळवला. इकडे बाईला मिळालेलं पद नवऱ्यानं शब्दासकट उचललं.

मुलीच्या वहीत डोकावलो. 'अल्काल्देसा'पुढे तिनं एकच अर्थ लिहिला होता: महापौर.

"दुसरा राहिला की," मी म्हणालो.

"परीक्षेत विचारला तर लिहीन, अब्बा," ती म्हणाली आणि तिनं पान उलटलं.